बायझंटाईन छापाची आरंभीची इस्लामी तांब्याची नाणी : ओळख, वाचन आणि जतन

इ. स. ६३६ मध्ये यार्मुक नदीकाठच्या लढाईत बायझंटाईन सम्राट हेराक्लियसच्या सैन्याचा निर्णायक पराभव झाला आणि पुढच्या सहा-सात वर्षांत सीरिया, पॅलेस्टाईन व इजिप्त हे प्रांत अरब मुस्लिम सत्तेखाली आले. मात्र राज्यकर्ते बदलले म्हणून बाजारातले चलन लगेच बदलले नाही. हिजाझमधील अरबांना नाणे अपरिचित नव्हते, पण त्यांची स्वतःची टांकसाळ नव्हती, आणि व्यापारात ते बायझंटाईन सोन्याचे व सासानी चांदीचे नाणे वापरीत आले होते. जिंकलेल्या शहरांतील कारकून, सराफ आणि ठसे कोरणारे कारागीर आपापल्या जागी राहिले, हिशेब ग्रीक भाषेतच लिहिले जात राहिले, आणि रोजच्या खरेदीसाठी लागणारी तांब्याची सुटी नाणीही जुन्याच धाटणीने पडत राहिली. खलिफा अब्दुल मलिकने सातव्या शतकाच्या अखेरीस केवळ अक्षरे असलेले नवे इस्लामी नाणे सुरू केले, तोपर्यंतच्या सुमारे साठ वर्षांत सीरिया, पॅलेस्टाईन आणि इजिप्तमध्ये पाडल्या गेलेल्या या तांब्याच्या नाण्यांना नाणेशास्त्रात ‘अरब-बायझंटाईन’ म्हणतात. ग्रंथांत त्यांचा धातू पुष्कळदा कांस्य म्हणून नोंदलेला असला, तरी प्रत्यक्षात तो मुख्यतः तांबेच असतो.

ही नाणी दिसायला ओबडधोबड असली, तरी त्या काळाविषयी सांगणाऱ्या समकालीन साधनांत त्यांचे स्थान फार वरचे आहे, कारण आरंभीच्या इस्लामी राज्यकारभाराविषयीची बहुतेक अरबी इतिहासग्रंथांची रचना घटनांनंतर शतक-दीड शतकाने, किंवा त्याहूनही उशिरा, झालेली आहे, तर नाणे त्याच वर्षांत, त्याच शहरात, लोकांच्या हातात फिरलेले आहे. म्हणूनच ते चुकीचे वाचले गेले, तर नुकसान केवळ एका संग्रहाच्या नोंदीचे होत नाही. संग्राहक, विद्यार्थी आणि छोट्या वस्तुसंग्रहालयांत नाण्यांची यादी करणारे कर्मचारी यांना असे नाणे हाती आल्यावर काय, कोणत्या क्रमाने आणि किती सावधपणे पाहावे, याचे मार्गदर्शन पुढे केले आहे.

या नाण्यांच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका पाहण्याचा क्रम उलटा झाल्यामुळे होतात. ग्रीक अक्षर दिसताच नाणे बायझंटाईन समजून बाजूला टाकले जाते, अक्षरे बिघडलेली दिसली की ते खोटे ठरवले जाते, आणि एखादे अरबी अक्षर सापडले की त्यावर लगेच एखाद्या खलिफाचे नाव चिकटवले जाते. त्याऐवजी प्रथम चित्र पाहावे आणि ते कोणत्या बायझंटाईन नाण्यावरून घेतले आहे हे ठरवावे. त्यानंतर मागच्या बाजूचे मोठे अक्षर आणि त्याच्याभोवतीच्या खुणा पाहाव्यात. मग ग्रीक मजकूर अर्थपूर्ण आहे की केवळ अक्षरांची नक्कल आहे हे तपासावे. आणि अरबी शब्द सर्वांत शेवटी वाचावा. या क्रमाचे कारण असे की चित्र झिजले तरी त्याची बाह्यरेषा शिल्लक राहते, तर अरबी शब्द बहुधा नाण्याच्या कडेला असल्याने तो कापला गेलेला किंवा झिजून गेलेला असण्याची शक्यता सर्वांत अधिक असते.

मूळ बायझंटाईन नाण्याची ओळख असल्याशिवाय यातले पहिले पाऊलही टाकता येत नाही. सम्राट अनास्तासियसने ४९८ मध्ये तांब्याच्या चलनाची नवी घडी बसवली आणि ४० नुम्मी किमतीचे ‘फोलिस’ हे मोठे नाणे रूढ केले. नुम्मी हे त्या पद्धतीतले सर्वांत लहान मोल. नाण्याच्या मागच्या बाजूवर किंमत दाखवणारे अक्षर मोठ्या आकारात कोरलेले असे, कारण ग्रीक लिपीत अक्षरेच अंकांचे काम करीत: ‘म्यू’ म्हणजे ४०, ‘काप्पा’ म्हणजे २०, ‘इओटा’ म्हणजे १०, आणि अलेक्झांड्रियाच्या खास नाण्यांवर ‘इओटा-बीटा’ म्हणजे १२. म्यू हे अक्षर दोन रूपांत आढळते. एक ताठ रेघांचे, मोठ्या रोमन ‘एम’सारखे, आणि दुसरे गोलसर, तीन पायांच्या छोट्या ‘एम’सारखे. अक्षराच्या खाली टांकसाळीच्या नावाचे संक्षिप्त रूप, डावी-उजवीकडे सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष आणि वर क्रॉस किंवा तारा, अशी मांडणी साधारणपणे असे. वजन मात्र स्थिर राहिले नाही. सहाव्या शतकात १५ ग्रॅमच्या वर जाणारे फोलिस कॉन्स्टन्स दुसरा याच्या काळापर्यंत (६४१–६६८) साधारण ३ ते ५ ग्रॅमपर्यंत उतरले होते, आणि अरब-बायझंटाईन नाण्यांपैकी बहुतेकांचे वजन याच पट्ट्यात येते.

नक्कल करण्यासाठी निवडलेली चित्रे मोजकीच आहेत, त्यामुळे ती लक्षात ठेवणे अवघड नाही. सिंहासनावर शेजारी शेजारी बसलेले सम्राट जस्टिन दुसरा आणि सम्राज्ञी सोफिया (५६५–५७८), हेराक्लियस आणि त्याचा पुत्र यांच्या दोन उभ्या आकृती, हेराक्लियसच्याच काळातील तीन उभ्या आकृती, आणि हातात लांब क्रॉस व क्रॉसयुक्त गोल धरून एकटा उभा असलेला कॉन्स्टन्स दुसरा, ही त्यांतली प्रमुख होत. याशिवाय समोर पाहणाऱ्या सम्राटाचा केवळ छातीपर्यंतचा भाग दाखवणारी नाणीही आहेत. एकट्या उभ्या कॉन्स्टन्सच्या नाण्यावर मूळ बायझंटाईन टांकसाळीत ‘या चिन्हाने विजयी हो’ अशा अर्थाचा ग्रीक मजकूर असे, आणि ती नाणी अरब अंमल सुरू झाल्यानंतरही ६५० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सीरियात मोठ्या संख्येने येत राहिली. दोन सत्तांमध्ये युद्ध सुरू असताना एका सत्तेचे चलन दुसरीच्या बाजारात सुखेनैव चालत होते, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे.

येथे एक नियम पक्का करून ठेवावा. नाण्यावर ज्या सम्राटाचे चित्र आहे, त्याच्या काळापूर्वी ते नाणे पडलेले असू शकत नाही, एवढेच चित्रावरून सिद्ध होते; नंतर किती वर्षांनी पडले, हे चित्र सांगत नाही. बैसान (ग्रीक नाव स्किथोपोलिस) आणि जेरश (गेरासा) या शहरांनी जस्टिन व सोफिया यांचे चित्र त्या दोघांच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी, अरब अंमलात, आपल्या नाण्यांसाठी निवडले, आणि बैसानची काही नाणी तर आकारमानानेही जुन्या भारदस्त फोलिसची आठवण करून देतात. पेशवाईत मराठ्यांच्या ताब्यातील टांकसाळींतून दिल्लीच्या बादशहाच्या नावाचे रुपये पडत असत, हे ज्या वाचकांना ठाऊक आहे, त्यांना यामागचा व्यवहार सहज उमगेल. सराफाच्या आणि शेतकऱ्याच्या नजरेत जे नाणे खात्रीचे, त्याचाच छाप पुढे चालवावा लागतो, मग प्रत्यक्ष सत्ता कोणाचीही असो.

अभ्यासकांनी या सगळ्या नाण्यांचे तीन मोठे गट मानले आहेत. पहिला गट ‘छद्म-बायझंटाईन’ नाण्यांचा. यांवर टांकसाळीचे खरे नाव नसते, अरबी शब्द बहुधा नसतो, आणि ग्रीक मजकूर अर्थहीन झालेला असतो. दुसऱ्या गटात बायझंटाईन सम्राटाचे चित्र कायम राहते, पण शहराचे नाव ग्रीकमध्ये, अरबीत किंवा दोन्ही लिपींत स्वच्छ कोरलेले असते. त्याला, खलिफांच्या उमय्यद घराण्यावरून, ‘उमय्यद सम्राट-प्रतिमा’ गट असे म्हणता येईल. तिसऱ्या गटात सम्राट जाऊन त्याच्या जागी खलिफाची उभी आकृती येते. गटांची ही कल्पना उपयुक्त आहे, परंतु ते काळाच्या ओघात एकामागून एक शिस्तीत आले असे समजणे धोक्याचे आहे. पहिला आणि दुसरा गट काही काळ एकाच बाजारात एकत्र चालत असावेत.

पहिल्या गटाकडे संग्राहकांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि तेच सर्वांत अन्यायकारक आहे. या नाण्यांवर कॉन्स्टन्सची उभी आकृती बहुधा दिसते, परंतु तिचे हातपाय काड्यांसारखे झालेले असतात, मुकुटाचे दोन-तीन ठिपके उरलेले असतात, कधी आकृती आरशात पाहावी तशी उलटी असते, म्हणजे उजव्या हातातला क्रॉस डाव्या हातात गेलेला असतो. आकृती उलटी होण्याचे कारण कारागिरीत आहे: समोर ठेवलेल्या नाण्यावरचे चित्र जसेच्या तसे ठशात कोरले, की त्या ठशाने पाडलेले नाणे उलटे उमटते. यावरून ठसा कोरणारा राजधानीच्या टांकसाळीत शिकलेला नव्हता, त्याच्यासमोर नमुना म्हणून चलनातले एखादे नाणेच होते, हे समजते. मागच्या बाजूचे वर्ष आणि टांकसाळीचे नाव यांच्या जागी रेघा, ठिपके आणि अर्धवट अक्षरे येतात. नाण्याची चकतीही वेडीवाकडी असते, तिला कोपरे असतात, आणि काही वेळा जुन्याच नाण्यावर नवा ठसा मारलेला असल्याने खालच्या मूळ नाण्याची अक्षरे तिरप्या प्रकाशात वर डोकावतात. अशी नाणी ‘वाईट प्रत’ म्हणून फेकून देऊ नयेत. त्यांच्या ठशांची एकमेकांशी तुलना करून कोणती नाणी एकाच ठशातून निघाली हे ठरवता येते, आणि नाव नसलेल्या टांकसाळींचा माग काढण्याचा तोच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

दुसऱ्या गटात वाचनाचा आनंद खऱ्या अर्थाने मिळतो. याचे उदाहरण म्हणून हिम्स (ग्रीक नाव एमेसा, आजचे होम्स) येथील नाणे बारकाईने पाहण्यासारखे आहे, शिवाय ते या गटातील सर्वांत सहज आढळणाऱ्या प्रकारांपैकी आहे. त्याच्या दर्शनी बाजूवर समोर पाहणारा, दाढी नसलेला, मुकुटधारी सम्राट छातीपर्यंत दाखवलेला असतो आणि त्याच्या हातात क्रॉस असलेला गोल असतो. त्याच्या डावीकडे वरून खाली ग्रीकमध्ये ‘कालोन’, म्हणजे ‘चांगले’, असे लिहिलेले असते, तर उजवीकडे अरबीत ‘बि-हिम्स’, म्हणजे ‘हिम्स येथे’, असे असते. नाणे उलटले की गोलसर म्यू दिसतो, त्याच्या वर तारा, दोन्ही बाजूंना ग्रीक अक्षरांत शहराचे नाव दोन तुकड्यांत विभागलेले, आणि तळाशी अरबी ‘तय्यिब’, म्हणजे पुन्हा ‘चांगले’. अशा प्रकारे एकाच छोट्या चकतीवर शहराचे नाव दोनदा आणि नाणे खरे असल्याची ग्वाही दोनदा, दोन भाषांतून, दिलेली आहे. ग्रीक वाचणारा गिऱ्हाईक आणि अरबी वाचणारा शिपाई या दोघांनाही ती उद्देशून आहे. या नाण्याचे ठसे पहिल्या गटाच्या मानाने इतके नेटके असतात की ते एखाद्या सुसंघटित टांकसाळीचेच काम असणार, याविषयी शंका उरत नाही.

दमास्कसच्या नाण्यांवर उभा सम्राट असतो आणि मागे ताठ म्यूच्या भोवती अरबीत ‘दिमश्क येथे पाडले, चलनास योग्य’ अशा आशयाचे शब्द असतात. ‘चलनास योग्य’ यासाठी ‘जाइझ’ हा शब्द येतो. बालबेकने (हेलिओपोलिस) दोन उभ्या आकृतींचे चित्र घेतले आणि टायबेरियस शहराने (अरबी तबरिया) तीन आकृतींचे, त्यामुळे नाव वाचता आले नाही तरी आकृतींच्या संख्येवरून पहिला अंदाज बांधता येतो. तार्तूसच्या नाण्यांवर ‘कालोन’ आणि ‘तय्यिब’ हे शब्द हिम्सप्रमाणेच आढळतात. जेरुसलेमचे ग्रीक नाव असलेली नाणीही आहेत, ती दुर्मीळ. काही नाण्यांवर शहराचे नाव न येता ‘अल्-वफा लिल्लाह’, म्हणजे ‘निष्ठा अल्लाहशी’, असा अरबी मजकूर येतो. त्यांचा समावेश याच कुटुंबात होतो.

या गटाच्या कालमानाविषयी अभ्यासकांत खरा मतभेद आहे, आणि मार्गदर्शन घेणाऱ्याने तो मोकळेपणाने मान्य करावा. एक मत असे की ही नाणी मुआवियाच्या खिलाफतीत (६६१–६८०) सुरू झाली, कारण शहरांच्या टांकसाळी एकाच वेळी, एकाच पद्धतीने सुरू करण्याइतकी मजबूत प्रशासनयंत्रणा त्याच्याकडे होती. दुसरे मत त्यांची सुरुवात पुढे, अब्दुल मलिकच्या कारकिर्दीच्या (६८५–७०५) आरंभाच्या जवळ, ढकलते. ‘मॅरोनाइट इतिवृत्त’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिरियाक ग्रंथात मुआवियाने सोन्या-चांदीची नाणी पाडली, परंतु त्यांवर क्रॉस नसल्याने लोकांनी ती स्वीकारली नाहीत, अशी नोंद आहे. ती तांब्याविषयी नाही, तरीही तांब्याच्या नाण्यांवर क्रॉस का टिकून राहिला, याचे उत्तर तिच्यात दडलेले आहे. क्रॉस असलेले नाणे ख्रिस्ती सत्तेचेच असले पाहिजे, किंवा ते पाडणाऱ्या अधिकाऱ्याला इस्लामविषयी आस्था नव्हती, असे दोन्ही निष्कर्ष उतावीळपणाचे ठरतात. नाण्यावरचे चित्र ही त्या काळी मुख्यतः ओळखीची खूण होती आणि ओळख मोडली की नाणे चालत नसे.

तिसऱ्या गटात हा विचार बदललेला दिसतो. हिजरी ७२ मध्ये, म्हणजे ६९१–९२ मध्ये, जेरुसलेमच्या ‘कुब्बत अस्-सख्रा’ या वास्तूवर अरबी शिलालेखांतून इस्लामची जाहीर मांडणी झाली, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच नाण्यांवरही खलिफा स्वतः उभा राहिला. ही आकृती समोर पाहते. तिचे केस लांब असतात, अंगात पायघोळ झगा असतो, आणि हात कमरेच्या तलवारीच्या मुठीवर असतो. भोवती अरबीत अब्दुल मलिकचे नाव ‘अमीर अल्-मूमिनीन’, म्हणजे श्रद्धावंतांचा नायक, या पदवीसह येते. मागच्या बाजूवर पायऱ्यांवर उभा असलेला बायझंटाईन क्रॉस घेतलेला आहे, पण त्याची आडवी दांडी काढून टाकून तिच्या जागी वर्तुळ किंवा लंबवर्तुळ बसवले आहे, त्यामुळे तो पायऱ्यांवर रोवलेल्या खांबासारखा दिसतो. हा बदल नीट पाहणे महत्त्वाचे आहे, कारण झिजलेल्या नाण्यावर मध्यभागचे वर्तुळ क्रॉसच्या दांडीसारखे भासते आणि नाणे चुकून बायझंटाईन गटात जाते. संशय आल्यास पायऱ्यांच्या वर खांब कुठे संपतो ते भिंगाने तपासावे. हलब, किन्नसरीन, मनबिज, हर्रान, अम्मान अशा अनेक ठिकाणी ही नाणी पडली; हलबच्या नाण्यांवर ‘वाफ’, म्हणजे ‘पूर्ण’ किंवा ‘भरपूर’, असा शब्द येतो. जेरुसलेम येथे मात्र खलिफाच्या आकृतीच्या मागे खांबाऐवजी म्यू अक्षरच कायम ठेवले गेले आणि ‘इलिया’ व ‘फिलस्तीन’ ही नावे अरबीत आली. जुने आणि नवे इतक्या उघडपणे शेजारी नांदताना क्वचितच दुसऱ्या नाण्यावर दिसेल.

हा गट फार काळ टिकला नाही. हिजरी ७७ (६९६–९७) मध्ये सोन्याचे आणि त्यापाठोपाठ चांदीचे केवळ अक्षरांचे नाणे आले, आणि तांब्याच्या ‘फलूस’वरही (एकवचन ‘फल्स’) चित्राऐवजी कलिमा आणि शहराचे नाव आले; याच बदलाला ‘सुधारणा’ म्हणतात.

इजिप्त आणि उत्तर आफ्रिका यांच्या बाबतीत वेगळे नियम लावावेत. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या १२ नुम्मी नाण्याची नक्कल पुढे चालली. ही नाणी लहान पण जाड असतात, आणि काहींवर ‘मिस्र’ या नावाचे रूप ग्रीक अक्षरांत दिसते. उत्तर आफ्रिकेत तर आरंभीच्या नाण्यांवर लॅटिन भाषा वापरली गेली आणि मूसा इब्न नुसैर या सुभेदाराचे नाव लॅटिन अक्षरांत आले. सीरियाच्या गटांची नावे या नाण्यांना लावू नयेत.

प्रत्यक्ष नाणे तपासताना वजन दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत घ्यावे, व्यास सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड अशा दोन्ही बाजूंनी मोजावा, आणि दोन्ही ठशांची परस्पर दिशा घड्याळाच्या तासांत नोंदवावी. ही दिशा मोजण्याची रीत सोपी आहे: दर्शनी बाजू सरळ धरून नाणे उभ्या अक्षाभोवती, म्हणजे पुस्तकाचे पान उलटावे तसे, फिरवावे आणि मागच्या चित्राचा माथा घड्याळात कोणत्या तासाकडे येतो ते पाहावे. कॉन्स्टँटिनोपलच्या फोलिसमध्ये ही दिशा बहुधा ६ च्या आसपास येते, कारण तेथे ठसे ठरावीक पद्धतीने धरले जात; छद्म-बायझंटाईन नाण्यांत ती कोणत्याही तासाला येऊ शकते. एकट्या नाण्यावरून काही सिद्ध होत नाही, पण एका संग्रहातल्या वीस-पंचवीस नाण्यांच्या दिशा एकत्र मांडल्या की टांकसाळीची शिस्त किंवा बेशिस्त डोळ्यांसमोर येते.

अरबी वाचनासाठी पूर्ण भाषा येणे आवश्यक नाही, परंतु या काळातील लिपीत अक्षरांचे नुक्ते, म्हणजे आजच्या अरबीत अक्षरे वेगळी करणारी टिंबे, जवळजवळ नसतात, हे माहीत असलेच पाहिजे. त्यामुळे ‘ब’, ‘त’, ‘न’ आणि मधला ‘य’ हे सारे एका छोट्या दातासारखे दिसतात. ‘तय्यिब’ ओळखण्यासाठी त्याच्या पहिल्या अक्षराची आडवी वाटी आणि तिच्यातून वर गेलेली उंच रेघ शोधावी, मग एक दात आणि मग सपाट शेपूट येते. ‘हिम्स’मध्ये मधला छोटा गोल ‘म’ आणि शेवटची लांबट गाठ ही खूण आहे. शब्द उभा कोरलेला असल्यास नाणे फिरवून तो आडवा करावा, आणि छायाचित्र घेताना प्रकाश एका बाजूने, अगदी खालून टाकावा. समोरून टाकलेला झगझगीत प्रकाश उथळ अक्षरे पुसून टाकतो. चार-पाच शहरांची नावे आणि ‘तय्यिब’, ‘जाइझ’, ‘वाफ’ हे शब्द एकदा हाताने कागदावर गिरवून काढले, की नजरेला पुष्कळ मदत होते.

स्वच्छता करण्याच्या मोहापासून मात्र कटाक्षाने दूर राहावे. घरातली तांब्या-पितळेची भांडी लखलखीत करणारी चिंच, लिंबू, मीठ आणि राख ही या नाण्यांची शत्रू आहेत. आम्ल आणि मीठ मिळून धातूचा वरचा थर खातात आणि अक्षरे त्याच थरात असतात. गुळगुळीत हिरवा, तपकिरी किंवा काळपट थर हा नाण्याचे संरक्षण करतो, तो काढू नये. सीरियाच्या काही नाण्यांवर पिवळसर मातीचा पातळ लेप खोलगट भागात राहिलेला असतो आणि त्यामुळे अक्षरे उलट अधिक स्पष्ट वाचता येतात. तोही तसाच राहू द्यावा. सुटी माती काढायची असल्यास ऊर्ध्वपातित पाण्यात नाणे भिजवून, पाणी रोज बदलून, मऊ ब्रशने किंवा लाकडी काडीने काम करावे आणि नंतर ते पूर्णपणे वाळवावे. फिकट हिरव्या, भुकटीसारख्या, बोटाला लागणाऱ्या ठिपक्यांकडे मात्र तातडीने लक्ष द्यावे, कारण तो क्लोराईडमुळे होणारा, सतत पसरत जाणारा रोग असतो. असे नाणे इतर नाण्यांपासून ताबडतोब वेगळे ठेवावे आणि प्रशिक्षित जतनकर्त्याकडे द्यावे. मुंबई, कोकण आणि गोवा येथील पावसाळ्यात हा रोग झपाट्याने बळावतो, तेव्हा नाणी हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावीत, जेलची पुडी वेळोवेळी बदलावी, डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राखावी, आणि पीव्हीसीच्या मऊ पाकिटांचा वापर अजिबात करू नये, कारण त्यांतून सुटणारे घटक तांब्याला चिकट हिरवे करतात.

खरेदीच्या बाबतीत किंमत आणि अस्सलपणा यांच्याइतकाच नाण्याचा मागचा प्रवास महत्त्वाचा मानला पाहिजे, आणि या विषयात त्याची निकड फार मोठी आहे. सीरियात २०११ पासून चाललेल्या युद्धात अनेक पुरातत्त्वीय स्थळे यांत्रिक खणाईने उद्ध्वस्त झाली; ज्या थरात नाणे सापडले तो थर नोंदवलेला नसेल, तर छद्म-बायझंटाईन नाण्यांच्या टांकसाळी शोधण्याचा आधारच नष्ट होतो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१५ च्या २१९९ क्रमांकाच्या ठरावाने १५ मार्च २०११ नंतर सीरियातून आणि ६ ऑगस्ट १९९० नंतर इराकमधून बेकायदा बाहेर काढलेल्या सांस्कृतिक वस्तूंच्या व्यापारावर बंदी घालण्यास सांगितले आहे. म्हणून विक्रेत्याकडे जुन्या संग्रहाची, लिलावाची किंवा प्रकाशनाची लेखी नोंद मागावी, आणि ‘लेव्हंटमधील जुना संग्रह’ एवढेच मोघम उत्तर आल्यास व्यवहार करू नये, नाणे कितीही सुंदर असो. भारतात पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेषात मोडते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी नाणे विकत घेऊन भारतात आणणाऱ्याने हा नियम आधीच वाचून ठेवावा, कारण पुढे ते परदेशी लिलावात विकण्याचा विचार केल्यास अडचण येते.

बनावट नाण्यांचा धोका पहिल्या गटात कमी आणि दुर्मीळ टांकसाळींच्या बाबतीत अधिक असतो. साच्यात ओतलेल्या नकलेच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांची भोके असतात, अक्षरांच्या कडा मऊ, साबणासारख्या दिसतात, आणि कडेवर जोडाची रेघ किंवा ती घासून काढल्याची खूण आढळते. याहून धूर्त प्रकार म्हणजे अस्सल पण झिजलेल्या नाण्यावर अक्षरे किंवा चेहरा नव्याने कोरणे. अशा ठिकाणी कोरलेली रेघ जुन्या गंजाचा थर कापून गेलेली असते आणि तिच्या तळाशी वेगळा रंग दिसतो. भिंग दहापट वाढवणारे असावे आणि ते संशयाच्या जागेवर निवांतपणे फिरवावे.

तुलनेसाठी जॉन वॉकर यांनी ब्रिटिश म्युझियमसाठी केलेली १९५६ ची सूची आजही पायाभूत आहे. तिच्यातले काही निष्कर्ष मागे पडले असले, तरी छायाचित्रे आणि वाचने उपयोगी आहेत. स्टीफन अल्बम आणि टोनी गुडविन यांनी ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयातील सुधारणापूर्व नाण्यांवर २००२ मध्ये केलेला ग्रंथ आणि क्लाइव्ह फॉस यांची डम्बार्टन ओक्सने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रस्तावना ही नवशिक्यासाठी अधिक सोयीची. ब्रिटिश म्युझियम आणि अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटी यांचे संग्रह संगणकावर छायाचित्रांसह पाहता येतात. महाराष्ट्रात नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राच्या अभ्यासाला वाहिलेली संशोधन संस्था आहे. तेथील भर भारतीय नाण्यांवर असला, तरी ठशांची तुलना, वर्णनाची पद्धत आणि जतन यांची शिस्त तेथे शिकता येते आणि ती सर्वत्र सारखीच लागू पडते.

शेवटी नोंद लिहिताना पाहिलेले आणि ताडलेले यांची सरमिसळ होऊ देऊ नये. दिसणारी अक्षरे जशीच्या तशी द्यावीत, पुसलेली अक्षरे चौकटी कंसात टाकावीत, मूळ नमुना वेगळ्या रकान्यात लिहावा, आणि काळ एका वर्षात न सांगता पट्ट्यात सांगावा. हिम्सच्या एखाद्या नाण्याची चिठ्ठी अशी असावी: ‘फल्स, तांबे, उमय्यद सम्राट-प्रतिमा गट, टांकसाळ हिम्स, सातव्या शतकाचा उत्तरार्ध, सुधारणेपूर्वी, दर्शनी बाजू, समोर पाहणारा सम्राट छातीपर्यंत, डावीकडे ग्रीक “कालो[न]”, उजवीकडे अरबी “बि-हिम्स”, मागील बाजू, गोलसर म्यू, वर तारा, तळाशी अरबी “[त]य्यिब”, वजन, व्यास, ठशांची दिशा, पूर्वीचा मालक आणि खरेदीचे वर्ष.’ ही चिठ्ठी शक्यतो आम्लरहित कागदावर लिहून नाण्याच्या सोबत ठेवावी आणि तिची एक प्रत वेगळ्या वहीत उतरवून घ्यावी.